विवाहप्रसंगाचे वाङ्मय आणि त्याचे जतन : मंगलाष्टकाच्या छापील पत्रकाचा तौलनिक विचार

१

विवाह हा जसा संस्कार आहे, तसाच तो संहिता निर्माण करणारा प्रसंगही आहे. लग्नपत्रिका, मंगलाष्टके, उखाणे, घाण्याच्या व हळदीच्या ओव्या, विहिणींची गाणी, रुखवतातील रुमालावर रंगीत दोऱ्याने भरलेली अक्षरे, आहेराची यादी अशा कितीतरी रूपांनी लग्नघरात भाषा वावरत असते. सोहळा आटोपला की यांपैकी बहुतेक गोष्टी नाहीशा होतात. दागिने तिजोरीत जातात, शालू कपाटात जातो, छायाचित्रे संग्रहात चिकटविली जातात. शब्दांचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विवाहाच्या आठवणी जपणे म्हणजे वस्तू जपणे, असेच आपण गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात या प्रसंगवाङ्मयापैकी एकाच प्रकाराचा, छापील मंगलाष्टकांच्या पत्रकाचा, विचार करावयाचा आहे. हे पत्रक एकाच वेळी वस्तू आहे आणि संहिताही आहे. ते कसे टिकते, टिकताना त्यातील काय गळून पडते आणि साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाने त्याकडे कसे पाहावे, हे तीन प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत.

२

मंगलाष्टकांचे प्रचलित वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरानंतर यती. वृत्ताची चाल सर्वांच्या कानांत बसलेली असल्याने नवी रचना हाती पडताच कोणालाही ती म्हणता येते. वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असतो आणि मुहूर्ताची घटिका येईपर्यंत पद्ये म्हणावयाची असतात. म्हणून ‘अष्टक’ हे नाव असले तरी पद्यांची संख्या आठच राहते असे नाही. प्रत्येक पद्याच्या अखेरीस ‘सावधान’ हा उच्चार येतो आणि अक्षता पडतात. याच शब्दाने सावध होऊन रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरा सांगते. विधीतील एका शब्दाचा असा शब्दशः अर्थ घेतला जाणे, ही वाचनाच्या इतिहासातीलही एक लक्षणीय घटना म्हणता येईल.

पारंपरिक संस्कृत पद्यांत देवता, नद्या, ऋषी यांचे आवाहन असते. ती कोणाच्याही लग्नात चालतात. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर त्यांच्या शेजारी दुसरा प्रकार रूढ झाला. गावातील शिक्षक, कीर्तनकार किंवा घरातीलच कोणी हौशी मनुष्य त्या एका लग्नापुरती मराठी मंगलाष्टके रची. त्यांत वधूवरांची नावे, दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांचे उल्लेख, गावाचे व कुलदैवताचे नाव गुंफलेले असे. ती गुलाबी किंवा पिवळ्या पातळ कागदावर छापून मांडवात वाटली जात. या रचनेला दुसरा प्रयोग नसतो. तिचा श्रोतृवर्ग, तिचे स्थळ आणि तिची घटिकाही ठरलेली असते.

३

अशी एका प्रसंगापुरती रचना टिकते कशी? मराठीच्या प्रारंभकाळातच याचे एक ठळक उदाहरण आहे. महदंबेचे ‘धवळे’ ही विवाहगीते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा भक्तांनी मांडला, त्या प्रसंगी ती रचली गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यांचा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते आणि परंपरेनुसार ती बालविधवा होती. लग्नाच्या मंगलकार्यातून जिला पुढे समाजाने वगळले असते, तिच्याच नावावर आज मराठीतील सर्वांत जुनी विवाहगीते आहेत. याचे एक कारण पंथाच्या जतनपद्धतीत सापडते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत काळजीपूर्वक उतरविले आणि मुख्य म्हणजे रचनेबरोबर ‘कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी’ ही आठवणही सांभाळली. गीत राहिले आणि गीताची कथाही राहिली.

उर्दूतील सेहरा हे दुसरे उदाहरण. सेहरा म्हणजे वराच्या चेहऱ्यावर सोडलेल्या फुलांच्या किंवा मोत्यांच्या माळा. आपल्या मुंडावळ्यांशी त्याचे नाते आहे. त्या प्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या कवितेलाही सेहराच म्हणतात. वस्तू आणि संहिता यांना एकच नाव असणे फार अर्थपूर्ण आहे, कारण फुले दुसऱ्या दिवशी सुकतात आणि कविता उरते. १८५२ साली बहादुरशाह जफर यांचे पुत्र मिर्झा जवानबख्त यांच्या विवाहासाठी गालिब यांनी सेहरा लिहिला. त्यातील अखेरच्या शेरातला आत्मगौरव बादशहाचे काव्यगुरू जौक यांना उद्देशून आहे, असा अर्थ लावला गेला. जौक यांनी उत्तरादाखल दुसरा सेहरा लिहिला आणि गालिब यांना खुलासेवजा कविता करावी लागली. पाच वर्षांत ते राज्यच लयाला गेले. सेहरे मात्र आजही वाचले जातात. येथे जतन घडविले ते कवींच्या कीर्तीने आणि त्यांच्यातील वादाने.

इंग्रजीत स्पेन्सरने स्वतःच्या विवाहानिमित्त रचलेले आणि १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एपिथलेमियन’ याहून वेगळे. आपले गीत वधूच्या अलंकारांच्या जागी अर्पण केलेले आहे, अशी भूमिका तेथे कवी शेवटी घेतो. कविता हीच टिकणारी भेटवस्तू, हा विचार तेथे उघडपणे आला आहे.

मराठी पत्रकाला सर्वांत जवळचे मात्र बंगालीतील ‘प्रीति-उपहार’. लग्नात वाटली जाणारी, रंगीत कागदावर छापलेली ही पद्ये वधूच्या किंवा वराच्या भावंडांच्या, मित्रांच्या नावाने निघत. प्रत्यक्ष लिहिणारा पुष्कळदा दुसराच असे. रवींद्रनाथांनी विवाहप्रसंगांसाठी रचलेली गीते ‘गीतबितान’च्या ‘आनुष्ठानिक’ विभागात स्थान मिळवून बसली. अनामिकांचे प्रीति-उपहार घरांतील पेट्यांवर अवलंबून राहिले.

४

या अनामिकत्वाचा अर्थ मला एका घरगुती पत्रकावरून कळला. ते माझ्या आईवडिलांच्या लग्नातले, १९६४ सालचे. गुलाबी कागद, पाच पद्ये आणि तळाशी ‘मुलीकडील मंडळी’ एवढीच अक्षरे. रचना वृत्तात चोख आहे. चौथ्या पद्यात सासरी निघालेल्या मुलीला उद्देशून जो सूर लागतो, तो ठरावीक आशीर्वादांपेक्षा निराळा आहे. हे पद्य आजोबांचे असावे, असे मी अनेक वर्षे समजत होतो. उतारवयात आईने सहज सांगितले, की ही मंगलाष्टके तिच्या आत्याने रचली. आत्या बालविधवा, माहेरीच राहिलेली. मांडवात तिची पद्ये म्हटली जात असताना ती माजघरात बसून होती. तिचे नाव छापावे असे कोणालाही वाटले नाही. बहुधा तिलाही नाही.

महदंबेचे नाव सातशे वर्षे टिकले आणि या आत्याचे एका पिढीतच पुसले जाण्याच्या बेतात होते. दोघींतील अंतर केवळ प्रतिभेचे नाही, ते नोंदीचे आहे. कागद दोन्हीकडे टिकला. रचनेभोवतीची आठवण एकीकडे लिहून ठेवली गेली, दुसरीकडे ती एका वृद्धेच्या बोलण्यात तरंगत राहिली. आत्याने आणखी कोणाच्या लग्नात पद्ये केली, हे मी आईला विचारले नाही. आता विचारण्याजोगे कोणी उरलेले नाही.

कागदाच्या बाबतीतही माझ्या हातून चूक झाली. पत्रक जपावे म्हणून मी त्याला गरम प्लास्टिकचे आवरण करून घेतले. आत कागद तपकिरी होत चालला आहे आणि आवरण काढू गेल्यास छपाईही निघून येईल.

५

म्हणून अशी पत्रके हाती येतील तेव्हा पाळावयाची पथ्ये थोडक्यात नोंदवितो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात अंगचेच आम्ल असते. त्याने कागद पिवळा व ठिसूळ होतो. प्लास्टिकचे कायमचे आवरण, चिकटपट्टी, डिंक, टाचणी हे चारही टाळावेत. पत्रक घडी उलगडून आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावे आणि प्रकाश व दमट हवेपासून दूर ठेवावे. त्याची अंकीय प्रत पुढील व मागील अशा दोन्ही बाजूंची घ्यावी, कारण मागे अनेकदा हिशेब, पत्ते किंवा वाढीव पद्य लिहिलेले असते. शालू किंवा पैठणी सुती कापडात गुंडाळून मधूनमधून घडी बदलावी, म्हणजे जर एकाच रेषेत तुटत नाही. लग्नाच्या व्हीएचएस ध्वनिचित्रफितींना तर विलंब परवडणारा नाही. व्हीसीआर यंत्रांचे अखेरचे ज्ञात उत्पादन एका जपानी कंपनीने २०१६ साली थांबविले. फीत शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र दुर्मिळ होत आहे.

याहून महत्त्वाची आहे ती सोबतची नोंद. पद्ये कोणी रचली, कोणाच्या नावाने छापली, कोणी व कोणत्या चालीत म्हटली, कोणाचा उल्लेख आला आणि कोणाचा टळला, हे प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावीत. ही कुटुंबांची खाजगी सामग्री आहे. तिच्या उपयोगासाठी त्यांची संमती घेणे ओघानेच आले.

तौलनिक अभ्यासात आपण प्रायः ग्रंथरूप झालेल्या संहितांची तुलना करतो. विवाहप्रसंगाच्या वाङ्मयात तुलना करावयाची ती जतनाच्या रीतींचीही. पंथाने जपलेले धवळे, दरबारी वादाने जपलेला सेहरा, कविकीर्तीने जपलेले गीत आणि पेटीच्या तळाशी राहिलेले पत्रक यांना शेजारी ठेवले, म्हणजे कोणाचा आवाज वाङ्मय ठरला आणि कोणाचा नुसता कागद राहिला, हे दिसू लागते. भारतीय भाषांतील अशा पत्रकांचे एकत्रित संकलन विद्यापीठीय पातळीवर हाती घेण्यासारखे आहे. पत्रके पुढेही मिळत राहतील. त्यांच्याविषयी सांगू शकणारी माणसे मात्र आज आहेत, म्हणून आरंभ त्यांच्यापासून व्हावा.