मगर, गोड्या व खाऱ्या पाण्यातील
मगर, गोड्या व खाऱ्या पाण्यातील : सरीसृप वर्गाच्या क्रोकोडायलिडी कुलातील दोन जाती. धाराशिव जिल्ह्यातील सीना नदी भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. कृष्णेच्या खोऱ्यात, विशेषतः सांगली परिसरात, आढळणारी मगर गोड्या पाण्यातील (क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस) होय. खाऱ्या पाण्यातील जाती (क्रो. पोरोसस) भारतात मुख्यतः भितरकणिका, सुंदरबन व अंदमान-निकोबार येथे राहते.

पाण्याच्या चवीवरून मात्र जाती ठरवू नये. गोव्यातील कुंभारजुवे कालव्याच्या मचूळ पाण्यातील मगरी पॅलस्ट्रिसच आहेत. मानेवरील खवले अधिक भरवशाचे : डोक्यालगतची मोठ्या खवल्यांची ओळ पॅलस्ट्रिसमध्ये ठळक असते, पोरोससमध्ये ती बहुधा नसते. पोरोससचा नर ६ मी. पर्यंत वाढतो; ही जाती अधिक आक्रमक असून समुद्रात दूरवर पोहते. तिची मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते.

पॅलस्ट्रिसची मादी काठावर खड्डा खणते. पाणी आटल्यावर ही मगर बिळात राहते किंवा जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. तिला निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे. कृष्णाकाठी तिने माणसांचे बळी घेतले आहेत. अंड्यांची राखण ती उन्हाळ्यात करते आणि नेमके तेव्हाच उरल्यासुरल्या डोहांवर माणसांची व गुरांची वर्दळ वाढते.