लिलावांतील बोली आणि खेळाडूचें मोल

भोकरदनचा शेतकरी बैलाचे दांत पाहतो, तरी चाल पाहिल्यावांचून सौदा करीत नाहीं. हॉकीच्या तरुण खेळाडूची पारखही तशीच व्हावी. हॉकी इंडिया लीगचा पहिला लिलाव १६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत झाला आणि मुंबईचा युवराज वाल्मीकि दिल्लीच्या संघांत गेला. २०११ सालीं आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी फटका त्यानेंच मारला होता. परंतु एका फटक्यावरून खेळाडू कळत नाहीं. चेंडू काठीशीं येण्यापूर्वीं तो मान वर करून पाहतो काय? चेंडू गमावल्यावर माघारीं धांवतो काय? बोलींत संघाची तात्कालिक गरज मोजली जाते. खेळाडूचें मोल मैदानावरच ठरतें. म्हणून अल्प बोलीनें मुलानें खचूं नये आणि मोठ्या बोलीनें फुगूंही नये.