थळातून एक लोकल सोडू या

अलिबागजवळच्या थळच्या बाजारातले ताजे बोंबील, सोबत तांदळाची भाकरी. गिळलात घास? अन्ननलिका जेमतेम 25 सेंटीमीटरची, वीतभरापेक्षा जराशी लांब. पण दिवसाला 600 वेळा गिळणे धरा, आयुष्य 70 वर्षांचे धरा. दीड कोटी वेळा! दर वेळचे 25 सेंटीमीटर जोडत गेलात तर 3,800 किलोमीटर भरतात. जागचे न हलता मुंबई-पुणे 25 वेळा!

आता उलटी वाट. पोटातले आम्ल वर येते, छातीत जळजळते. त्याची आम्लता शुद्ध पाण्याच्या लाखपट, कधी त्याहूनही जास्त. वर्षानुवर्षे हा मारा बसला की काहींच्या अन्ननलिकेचे खालचे अस्तर बदलून आतड्यासारखे होते. हाच बॅरेट्स इसोफॅगस, कर्करोगाच्या आधीची पायरी. धोका इतरांच्या 11 पट!

11 पट म्हणजे माणसे किती? 2011 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 11,028 रुग्णांचा हिशेब मांडला. तो आपल्या रुळांवर आणू. थळला प्रवासी गाडी नाही, येतात त्या आरसीएफच्या खताच्या मालगाड्या. त्याच रुळांवर बारा डब्यांची लोकल उभी करा, संध्याकाळच्या विरार फास्टसारखी खच्चून भरलेली. 5,000 माणसे, सगळी बॅरेटची. वर्षभरात कर्करोग कितीजणांना? सहा! एका दाराला लोंबकळणारेही याहून जास्त असतात. आणि बॅरेट नसलेल्यांच्या दोन लोकल गच्च भराल, तेव्हा वर्षाला एक सापडेल. गाडीमागे अर्ध्याचे सहा झाले, ते हे 11 पट. दहा वर्षे हीच गाडी पळवा, तरी 4,900हून अधिक जण या कर्करोगाविना!

त्या सहांना वेळेत गाठायचे म्हणून पेशींत बिघाड नसला तरी दर 3 ते 5 वर्षांनी दुर्बिणीची तपासणी. ती चुकवू नका, अगदी कळकळीने सांगतो.

पण खरा डोळे फिरवणारा आकडा पुढेच आहे. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला 60 हजारांवर, आणि बहुतेक जण बॅरेटच्या वाटेने आलेलेच नसतात. त्यांच्यामागे मोठा हात तंबाखू आणि दारूचा. तंबाखू मग चघळलेली असो, ओढलेली असो, की मिशेरी म्हणून दातांना घासलेली. 60 हजार म्हणजे तशाच खचाखच 12 लोकल! दिवसाला 160हून जास्त माणसे! अलिबाग आगारातून जवळपास चार एसटी भरून सुटाव्यात, रोज, रविवार-सणवार धरून!