शोधण्याआधी शब्द ओळखा
ग्रंथालय आणि संगणकातल्या परिभाषेविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजगुरुनगरमध्ये कांदा आणि लसणावर काम करणारी केंद्र सरकारची एक संस्था आहे. १९९४ मध्ये ती नाशिकला सुरू झाली, १९९८ मध्ये इथे आली आणि २००८ मध्ये तिला संचालनालयाचा दर्जा मिळाला. 'भीमा सुपर', 'भीमा राज', 'भीमा शक्ती' हे कांद्याचे वाण तिचेच, आणि त्यांना नाव मिळाले ते आपल्या भीमा नदीचे. मराठीत ही संस्था 'कांदा व लसूण संशोधन संचालनालय' आहे, तर हिंदीत 'प्याज एवं लहसुन अनुसंधान निदेशालय'. संस्था एकच, पण दोन्ही नावांत लसूण सोडला तर काहीच जुळत नाही. इंग्रजी नाव आणखी वेगळे.

आता कांदा साठवणुकीवर प्रकल्प लिहायला बसलेली इथली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. घरी ती मराठी बोलते, चाकणला कामाला असलेल्या शेजाऱ्यांशी हिंदी बोलते, आणि कॉलेजची पुस्तके व संगणकाचा पडदा इंग्रजीत असतो. ती दोन तास शोधते, हाती काही लागत नाही आणि शेवटी म्हणते, "मराठीत काही मिळतच नाही." बहुतेक वेळा माहिती असते, चुकलेला असतो तो शब्द. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तो वेळ कुठे वाया जातो, हे पाहण्यासाठी काही पक्के गैरसमज तपासू.

गैरसमज १ : 'संशोधन', 'शोध', 'प्रबंध' हे शब्द मराठीत आणि हिंदीत सारख्याच अर्थाचे आहेत.

वस्तुस्थिती : लिपी एक असल्यामुळे सर्वात जास्त फसगत इथेच होते. मराठीत 'संशोधन' म्हणजे रिसर्च. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपण जिला ७३वी घटनादुरुस्ती म्हणतो, ते हिंदीत ७३वे 'संविधान संशोधन' असते. म्हणून ग्रामपंचायतींवरचे अभ्यास हवे असतील आणि 'पंचायत संशोधन' एवढेच टाइप केले, तर समोर हिंदीतल्या कायदा-दुरुस्तीची पाने येण्याची शक्यता मोठी.

रिसर्चला हिंदीत 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतात. मराठीत 'शोध' म्हणजे हुडकणे किंवा नवे काही सापडणे, आणि 'अनुसंधान' म्हणजे आधीच्या गोष्टीशी राखलेला दुवा. मराठीत 'प्रबंध' म्हटले की पीएच.डी.चा ग्रंथ आठवतो, हिंदीत 'प्रबंधक' म्हणजे मॅनेजर. देशभरातले पीएच.डी. प्रबंध ज्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्याच्या नावातला 'शोध' हिंदी अर्थाचा आहे. ते गुगलसारखे शोधयंत्र आहे असे समजून अनेक जण तिकडे फिरकतच नाहीत. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते चालवते आणि तिथे मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत.

गैरसमज २ : अनुक्रमणिका आणि सूची एकच.

वस्तुस्थिती : मराठी पुस्तकात अनुक्रमणिका पुढे असते. कोणते प्रकरण कोणत्या पानावर आहे, हे ती सांगते. सूची मागे असते. तिच्यात नावे, गावे, विषय अकारविल्हे लावलेले असतात आणि पुस्तकात ते जिथे जिथे आले ती सगळी पाने दिलेली असतात. कांद्याच्या चाळीविषयी दोनच परिच्छेद हवे असतील, तर चारशे पाने चाळण्याऐवजी मागच्या सूचीत 'चाळ' हा शब्द पाहावा.

हिंदीत हे नेमके उलटे आहे. तिथे पुढे 'विषय-सूची' असते आणि मागे 'अनुक्रमणिका'. इंग्रजी 'इंडेक्स'चे भाषांतर करताना ज्या भाषेसाठी करायचे त्या भाषेची रीत पाहिली नाही, तर पुस्तकाची दोन टोके बदलून जातात.

'ग्रंथसूची' आणखी निराळी. ती पुस्तकांचीच यादी असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. अभ्यासक आजही तिला 'दाते सूची' म्हणतात. एखाद्या विषयावर जुन्या काळी मराठीत काय छापले गेले, हे पाहायला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

गैरसमज ३ : पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा म्हणजे पुस्तकाचा अनुक्रमांक.

वस्तुस्थिती : पुस्तकावर दोन वेगळे आकडे असतात. आत शिक्क्यासह लिहिलेला असतो तो दाखल क्रमांक. पुस्तक ग्रंथालयात कितवे आले, एवढेच त्यातून कळते. पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो तो बोधांक. पुस्तक कशाविषयी आहे आणि फळीवर कुठे आहे, हे तो सांगतो. त्यातला वरचा भाग म्हणजे विषयाचा वर्गांक.

आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत वापरतात. तिच्यात ६३० म्हणजे शेती, ६३५ म्हणजे बागायती पिके आणि ६३५.२५ म्हणजे कांदा. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे. हे आकडे दशांश म्हणून वाचायचे, त्यामुळे ६३५.२५ हे पुस्तक ६३५.३ च्या आधी लागते. पंचवीस तीनपेक्षा मोठे म्हणून ते पुढे शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो. या आकड्यांना भाषेची अडचण नाही. मराठी, इंग्रजी किंवा जर्मन पुस्तक असो, ही पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात कांदा ६३५.२५ मध्येच सापडतो.

गैरसमज ४ : जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही आणि पेपर म्हणजे परीक्षेचा पेपर.

वस्तुस्थिती : आपल्या कॉलेजांत 'जर्नल पूर्ण करा, सही घ्या' हे वाक्य इतके रुळले आहे की 'जर्नलमध्ये पाहा' असे मार्गदर्शकांनी सांगितले की विद्यार्थी सिनियरची वही मागतो. संशोधनाच्या क्षेत्रात जर्नल म्हणजे संशोधनपत्रिका, म्हणजे ठरावीक काळाने निघणारे नियतकालिक. त्यातला लेख म्हणजे पेपर, मराठीत शोधनिबंध. इथे मात्र मराठीनेही 'शोध' हा शब्द रिसर्चच्या अर्थाने घेतला आहे, हे ध्यानात ठेवावे.

शोधनिबंधाच्या डोक्यावर गोषवारा असतो. तलाठी कार्यालयात जमाबंदीचा गोषवारा असतो, तसाच हा सगळ्या मजकुराचा थोडक्यात सार. त्याखाली बीजशब्द असतात. नवख्या वाचकाने आधी हे दोन भाग वाचावेत. निबंध आपल्या कामाचा आहे की नाही, ते पाच मिनिटांत कळते, आणि पुढच्या शोधासाठी नेमके शब्दही तिथेच मिळतात.

गैरसमज ५ : अभ्यासिका, वाचनालय आणि ग्रंथालय यांत फरक नाही.

वस्तुस्थिती : स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी खुर्ची, टेबल, वीज आणि वायफाय देणारी जागा ती अभ्यासिका. पाटीवर 'लायब्ररी' लिहिले तरी तिथे पुस्तके, त्यांची तालिका (कॅटलॉग) आणि ग्रंथपाल नसतील तर ते ग्रंथालय होत नाही. वाचनालयाचा मूळ अर्थ वाचायची जागा, पण महाराष्ट्रात 'सार्वजनिक वाचनालय' या नावाने चालणाऱ्या कितीतरी संस्था घरी पुस्तके देतात. राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. म्हणून पाटीपेक्षा आत काय मिळते ते विचारावे.

भाषा बदलली की ही गल्लत वाढते. 'लायब्ररी'सारखाच ऐकू येणारा फ्रेंच शब्द 'लिब्रेरी' पुस्तकांच्या दुकानासाठी आहे. चाकणच्या वाहन कंपन्यांमुळे जर्मन शिकणाऱ्यांनाही असाच एक शब्द भेटतो. 'डाटाय' म्हणजे डेटा असे वाटते, पण त्याचा अर्थ संगणकातली फाइल असा आहे.

गैरसमज ६ : पडद्यावर मराठी दिसते, म्हणजे ते संगणकाला कळते.

वस्तुस्थिती : हा गैरसमज मराठी अभ्यासाचे सर्वात मोठे नुकसान करतो. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'राम' लिहिले की आपल्याला राम दिसतो, पण संगणकाने आत साठवलेली असतात जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे. त्यांना फक्त मराठी अक्षरांचे रूप दिलेले असते. अशा फायलीत 'राम' शोधला तर तो कसा सापडणार? युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर शोधता येतो.

युनिकोडमध्येही एक बारीक अडचण राहते. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले क्रमांक वेगळे असल्यामुळे साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. पुस्तकाची पाने नुसती स्कॅन करून केलेली पीडीएफ तर संगणकासाठी फक्त चित्र असते. युनिकोड मजकुरातला शोध रिकामा आला तर शब्दाचा छोटा तुकडा, उदाहरणार्थ नुसते 'शेतक', टाकून पुन्हा पाहावे.

गैरसमज ७ : गुगलवर नाही, म्हणजे कुठेच नाही.

वस्तुस्थिती : शोधयंत्र म्हणजे माहितीचे कोठार नाही. जी पाने त्याला वाचता आली, त्यांची त्याने केलेली ती सूची आहे, पुस्तकाच्या मागे असते तशी. सूचीत शब्द नसला तरी मजकूर असू शकतो, विशेषतः जागेचे नाव बदलले असेल तर. आपल्या गावाचेच पाहा. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म १९०८ मध्ये इथे झाला तेव्हा हे गाव खेड होते. तालुक्याचे नाव आजही खेडच आहे. १८८५ मध्ये निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये 'राजगुरुनगर' शोधून मिळणार नाही, तिथे 'खेड' आणि पुण्याचे जुने 'पूना' हेच स्पेलिंग टाकावे लागेल. नुसते 'खेड' टाकले तर रत्नागिरी जिल्ह्यातले खेडही समोर येते, म्हणून जोडीला 'पूना' किंवा 'चाकण' हवेच.

कांद्याच्या बाबतीत हीच युक्ती वापरता येते. 'कांदा', 'प्याज', 'ओनियन' ही नावे भाषेगणिक बदलतात, पण 'ॲलियम सेपा' हे शास्त्रीय नाव जगभर एकच आहे.

गैरसमज ८ : मराठीत या विषयांची परिभाषाच नाही.

वस्तुस्थिती : आहे, आणि ती अनेक जाणकारांनी खपून घडवली आहे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये सुरू झाले. त्याने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश काढले, त्यात ग्रंथालयशास्त्रही आहे. मराठी विश्वकोशाने परिभाषेचा स्वतंत्र खंड काढला. हे कोश आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. बोधांक, गोषवारा, बीजशब्द हे शब्द अवघड नाहीत. वापरात आले की तेही 'दिनांक' आणि 'महापौर' यांच्यासारखे सहज होतील.

म्हणून विद्यार्थ्यांना एक कळकळीची विनंती आहे. कोणताही विषय हाती घेताना वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा : मराठी, हिंदी, इंग्रजी आणि शास्त्रीय किंवा जुने नाव. त्यात आपल्या विषयाचे दहा शब्द भरा, आणि मगच शोधायला बसा. एखादा रकाना रिकामा राहिला तर कॉलेजच्या किंवा गावातल्या ग्रंथपालांना विचारा. वाचकाला पुस्तकापर्यंत नेणे हेच त्यांचे काम आहे, आणि विचारणाऱ्याला त्यांनी मदत करावी ही अपेक्षा ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.