वंगणाचें तारतम्य

खानदेशांत आम्ही गाडीच्या आंसास सढळ हातानें वंगण घालतों. शिडाच्या नौकेवर तसें चालत नाहीं. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकेवर शिडाचा दोर ‘विंच’ या यंत्राच्या ढोलास गुंडाळून दांड्यानें ताणतात. ढोल उलटा फिरूं नये म्हणून आंत स्प्रिंगांवर बसविलेल्या खिट्ट्या असतात. खाऱ्या पाण्यानें वंगण बिघडतें. म्हणून ढोल वेळोवेळीं उघडून सर्व भाग रॉकेलनें धुवावे व दंतचक्रांस वंगणाचा पातळ थर द्यावा. खिट्ट्यांस मात्र हलक्या तेलाचा एकच थेंब पुरे. दाट वंगणानें त्या चिकटल्या, तर ढोल उलटा फिरून दांडा हातावर आदळतो. आणि एकट्या नाविकास भर समुद्रांत हाडवैद्य कोठून मिळणार?