काटा आधी, पॅच नंतर

सायकलच्या ट्यूबला लावलेला पॅच आठ दिवसांत सुटला की दोषी ठरलेला असतो: सोल्यूशन. ‘हल्ली त्यात दमच राहिला नाही’ म्हणायचं आणि नवी ट्यूब आणायची. हा निकाल फार घाईचा आहे, हे एक साधा हिशेब मांडला तरी कळतं. काट्याने पडलेलं भोक एक मिलिमीटर व्यासाचं धरू आणि टायरमध्ये ४० पौंड हवा धरू. त्या भोकातून पॅचला बाहेर ढकलणारा जोर भरतो सुमारे २२ ग्रॅम वजनाइतका, म्हणजे पाच लहान चमचे साखरेएवढा. त्याला अडवायला २५ मिलिमीटरचा गोल पॅच असतो आणि त्याचं क्षेत्रफळ भोकाच्या सहाशे पटींहून जास्त भरतं. शिवाय पॅच ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला बसतो. हवा भरली की ट्यूब फुगून टायरला टेकते आणि पॅच त्या दोघांच्या मध्ये दाबला जातो. हवा त्याला उचकटत नाही, उलट जागेवर बसवते. एवढ्या सोयीच्या कामात सामान्य सोल्यूशनही पुरायला हवं. तरीही पॅच सुटत असेल, तर चूक बहुधा नळी उघडण्याआधी किंवा उघडल्यानंतरच्या पाच मिनिटांत झालेली असते.

आधीची चूक म्हणजे घासण्यात केलेली कुचराई. नवी ट्यूब हाताला गुळगुळीत लागते, कारण साच्यातून ती सहज सुटून यावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर तिच्या अंगावर राहिलेला असतो, वर शंखजिऱ्याची पूड असते आणि वापरात बसलेली धूळ तर असतेच. तशा ट्यूबवर सोल्यूशन लावलं की पॅच त्या थराला चिकटतो, रबराला नाही. पॉलिश पेपरने किंवा कानशीने पॅचपेक्षा थोडी जास्त जागा घासायची, ती काळपट, खरखरीत आणि चमक गेलेली दिसेपर्यंत. भोक साच्याच्या सांध्याच्या उंच रेघेजवळ असेल तर ती रेघ घासून सपाट करायची, नाहीतर तिच्या कडेने हवेला बारीकशी वाट राहते आणि चाक रातोरात बसतं. भोकाची खूण बॉलपेनने करताना फुली लांब पायांची काढावी. घासताना मधला भाग पुसला गेला तरी चार टोकं उरतात आणि पॅच नेमका मधोमध बसतो. घासण्याचं महत्त्व पूर्वीपेक्षा आता जास्त आहे, यालाही कारण आहे. पूर्वीच्या ट्यूबा नैसर्गिक रबराच्या असत आणि ते रबर सोल्यूशनशी पटकन जमवून घेई. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्यूटाइल रबर तयार झालं. त्यातून हवा फार हळू झिरपते, म्हणून ट्यूबांसाठी ते सर्वत्र पसरलं. पण ज्या अलिप्तपणामुळे ते हवा धरून ठेवतं, त्याच अलिप्तपणामुळे ते दुसऱ्या कशाशी सहज जोडलंही जात नाही. ब्यूटाइलच्या ट्यूबला जुन्या सवयीने वरवर हात फिरवून भागत नाही.

नंतरची चूक उतावळेपणाची. सोल्यूशनमधला बराचसा भाग नुसता द्रावक असतो. रबर पातळ करून पसरवायचं एवढंच त्याचं काम. ते झालं की त्याने उडून गेलं पाहिजे. थर पातळ लावून पाच मिनिटं थांबलं, की ओली चमक जाते आणि बोटाला किंचित चिकट लागतं. पॅच ठेवायची वेळ ती. ओल्यावरच पॅच दाबला तर द्रावक खाली कोंडतो आणि सांधा मऊ राहतो. लवकर वाळावं म्हणून फुंकर मारणारे श्वासातला ओलावा नेमका नको तिथे बसवतात. पावसाळ्यात तर परातीतून काढलेली ट्यूब पुरती कोरडी न करताच काम उरकलं जातं, आणि मग बोलणी खातं सोल्यूशन. पॅच ठेवल्यावर मात्र फार वेळ धरून बसायची गरज नसते. मधून कडेकडे अंगठ्याने किंवा पान्ह्याच्या दांड्याने जोरात दाबला की झालं. पॅच नीट बसला का हे बघायला ट्यूब टायरबाहेर फुग्यासारखी फुगवण्याची हौसही टाळावी. बाहेर ट्यूब भलतीच ताणते, पॅच तितका ताणत नाही आणि ताजा सांधा कडेने सुटायला लागतो.

इतकं केल्यावर जे तयार होतं त्याला ठिगळ म्हणणं थोडं अन्यायाचंच. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं की गंधकाबरोबर तापवलेलं रबर उन्हात पाघळत नाही की थंडीत तडकत नाही. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना आडवे सांधे घालतो, म्हणून ते पक्कं होतं. चांगल्या पॅचची खालची बाजू मुद्दाम थोडी कच्ची ठेवलेली असते, आणि ती व सोल्यूशनमधली द्रव्यं मिळून असेच सांधे बिनआगीचे, हळूहळू तयार करतात. म्हणून नीट बसलेला पॅच दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा पक्का असतो. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावण्याची दुकानातली रीत यापेक्षा कमी प्रतीची आहे, कारण तो तुकडा आधीच पुरता पक्का झालेला असतो. पण दोन्ही बाजू नीट घासल्या तर तीही वर्षानुवर्षं चालते, आणि त्याचं कारण वरच्या २२ ग्रॅमच्या हिशेबात आहे.

पॅच उत्तम बसला आणि तरी संध्याकाळी चाक जमिनीला टेकलं, तर बहुतेक वेळा जुनं भोक उघडलेलं नसतं, शेजारी नवं पडलेलं असतं. भोक सापडलं की लोक खूश होतात आणि ते कशाने पडलं हे विचारायचं राहून जातं. वास्तविक भोकाची जागाच सगळं सांगते. टायरच्या बाजूला एकच बारीक टोचा असेल तर काटा, काच किंवा तार. रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकून स्पोकचं टोक वर आलंय. शेजारीशेजारी दोन लहान चिरा असतील तर काट्याला उगाच दोष देऊ नये. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूबला चिमटा घेतला. भोकच सापडत नसेल तर आधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बघावी. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर जी वालट्यूब असते, ती कुजली की हवा जाते आणि सगळी परात ढवळूनही हाती काही लागत नाही. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं ठेवलं, तर ट्यूबमधल्या भोकावरून टायरमधली नेमकी जागा बोटावर मोजून काढता येते. आणि तिथे बरेचदा काटा असतो. बाभळीचा असेल तर लांब, दिसणारा. सराट्याचा असेल तर टोक आत मोडून राहिलेलं, बाहेरून पत्ताच नाही. पायवाटेवर चप्पल भेदणारा हा सराटा म्हणजेच गोखरू. अमेरिकेच्या पश्चिम भागात जाऊन त्याने असा उच्छाद मांडला की इंग्रजीत त्याचं नावच पंक्चरची वेल असं पडलं. १९६१ मध्ये तिथे तो खाणारे भुंगेरे मुद्दाम आणून सोडले गेले. आपल्याकडे तो घरचाच असल्याने अशी सरबराई कोणी केली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा आणि वेळेचा. नवी ट्यूब काही फार महाग नाही, मग अर्धा तास घासत कोण बसणार? रस्त्यात, उन्हात, पोचायची घाई असताना हा आक्षेप बिनतोड आहे. तेव्हा जवळची सुटी ट्यूब घालावी आणि पंक्चरची घरी आणावी. पाच मिनिटांची वाट घरी कुणाला जड जात नाही. पण नव्या ट्यूबने प्रश्न मिटतो हा समज चुकीचा आहे. टायरमधला काटा नव्या ट्यूबलाही तितक्याच निष्ठेने टोचतो, आणि दोन दिवसांत दुसरी ट्यूब मागतो. बिनसोल्यूशनचे स्टिकरसारखे पॅच रस्त्यात वेळ मारून न्यायला ठीक आहेत, पण त्यांच्यात रबराशी सांधा होत नाही, नुसतं चिकटणं होतं. आत घालायचं सीलंट बारीक काट्यांवर खरंच चालतं आणि काटेरी भागात त्याचा उपयोग नाकारता येत नाही. पण ते काही महिन्यांत वाळतं आणि खड्ड्याच्या चिमट्यापुढे बहुधा हतबल ठरतं. एका ट्यूबला किती पॅच, हा प्रश्नही नेहमी येतो. आकड्याला मर्यादा नाही. एकावर एक चढू नयेत एवढंच. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली किंवा लांब चिरलेली ट्यूब मात्र निमूट टाकून द्यावी, तिथे पॅच लावणं म्हणजे सोल्यूशनची नासाडी.

दुरुस्तीला लागणारा वेळ हाच सायकलच्या हवेच्या चाकाचा पहिला मोठा प्रश्न होता. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर तास न् तास सोलत बसायचं आणि परत चिकटवून रात्रभर वाळवायचं. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला आणि त्याच वर्षीची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ त्यावर जिंकला. टायर सुटा झाला, म्हणूनच आज तो उलटून आत बघता येतं. तेव्हा ट्यूब परत घालण्याआधी जुनं सुती फडकं टायरच्या आतून एकदा सावकाश फिरवा. ते जिथे अडकेल, तिथला काटा चिमट्याने उपटा, आणि मगच हवा भरा.