सदाफुली : अंगणातील झाड आणि दवाखान्यातील औषध

कोकण किनाऱ्यावरील रेताड जमीन सदाफुलीस चांगली मानवते. मूळची मादागास्कर बेटावरील ही वनस्पती रेवससारख्या गावांतून अंगणात व कुंपणालगत बारमाही फुलते. तिची पाने रोज सकाळी चावल्यास मधुमेह बरा होतो, अशी समजूत प्रचलित आहे. तिला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हीच समजूत कॅनडातील नोबल व बीअर या संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात तपासली. जमैकातून आलेल्या पानांचा अर्क त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना दिला. पोटात दिलेल्या अर्काचा रक्तातील साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. टोचून दिलेल्या अर्काने मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. पांढऱ्या पेशी घटविणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल काय, असा प्रश्न त्यातून निर्माण झाला. १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर झाले. पुढे अमेरिकेत याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. रुग्णांवरील चाचण्यांत उतरलेले हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही जगभर वापरले जाते.

तथापि झाडात द्रव्य असणे निराळे आणि झाड हेच औषध असणे निराळे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन मिळविण्यास शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते शुद्ध करून, रुग्णाच्या मानाने मोजून, रक्ततपासणी करीत शिरेतून द्यावे लागते. मात्रा चुकल्यास मज्जातंतूंना इजा पोहोचते. बुरशीचेही असेच आहे. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते व पिंपरी येथे त्याचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. परंतु बुरशी आलेली भाकरी खाऊन कोणाचा संसर्ग बरा होत नाही.

पुढील काळात प्राण्यांवरील काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने साखर उतरल्याचे दिसले आहे. परंतु तेवढ्यावरून माणसाने किती पाने, किती दिवस खावीत व ती निर्धोक आहेत काय, हे ठरत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पानांच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन कदापि बंद करू नये.

२. गरोदर स्त्रियांनी व मुलांनी ही पाने मुळीच खाऊ नयेत.

३. कोणी पाने खात असल्यास त्याची थट्टा न करता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेण्यास सांगावे व पानांविषयी डॉक्टरांना कळवावे.

४. औषधासाठी सदाफुलीची लागवड करावयाची असल्यास खरेदीदार व दर आधी लेखी ठरवून घ्यावा.

अंगणातील सदाफुली उपटून टाकण्याचे कारण नाही. फुलांसाठी ती अवश्य ठेवावी. औषध मात्र दवाखान्यातूनच घ्यावे.